पडद्यावर थांबणारं कोकरू

मायाक्का जत्रेच्या गड्ड्यावर पोचली तेव्हा तिच्या दिराच्या, श्रीमंतच्या, तंबूबाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं. पलीकडं पाळण्यांपाशी माणसावर माणूस पडत होतं. गिरण्यांतून सुटलेले कामगार, अक्कलकोटाकडून गाड्या जुंपून आलेली कुटुंबं, साळ्यांच्या बायकापोरी, सगळं सोलापूर सिद्धेश्वराच्या जत्रेला लोटलं होतं. आणि त्या सगळ्या गर्दीनं जणू ठरवून एकच तंबू वगळला होता. तंबूच्या तोंडाशी तिच्या मुलानं, गुंडानं, स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती. तिच्यावर एक काळं कोकरू चारी पायांवर उडी मारत होतं.

"बघ," धुळाप्पा म्हणाला.

सीनेच्या काठावरून निघाल्यापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. उघडलं ते एवढ्या एका शब्दासाठी, आणि त्यातही त्याला किती समाधान वाटलं ते मायाक्काला ऐकू आलं. नवऱ्याच्या अशा समाधानाला उत्तर द्यायचं नसतं, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती.

दोघा भावांनी मेंढरं वाटून घेतल्याला आता बरीच वर्षं झाली होती. धाकट्या श्रीमंतनं आपल्या वाटणीची मेंढरं विकून हा तंबू आणि सिनेमाचं मशीन आणलं, तेव्हा धुळाप्पानं भर पंचात सांगितलं होतं की माझ्या भावानं मेंढरं विकून सावल्या घेतल्या. त्या दिवसापासून त्यानं या तंबूत पाऊल टाकलं नव्हतं. पुढं त्याचाच मुलगा गुंडा चुलत्याच्या तंबूचे पडदे रंगवता रंगवता कोल्हापूरच्या एका फिल्म कंपनीत जाऊन बसला, तेव्हा तर धुळाप्पानं भावाला जिता सोडला हेच खूप झालं.

गुंडानं तिथं काय केलं, तर चित्रं काढली. एका कोकराची. शेकड्यांनी नव्हे, हजारांनी. एकात पाय जरासा पुढं, दुसऱ्यात आणखी जरासा पुढं. एकेका चित्राचा फोटो काढायचा, आणि ते सगळे एकामागून एक पडद्यावर सोडले की म्हणे कोकरू चालतं. दोन-तीन वर्षं पोरगं दिवसा मालकाचे पडदे रंगवत होतं आणि उरलेल्या वेळात हे. मालकानं कौतुकानं चित्र पुण्यात लावलं. लोक म्हणाले, बोलपटाच्या जमान्यात मुकं चित्र कोण बघतो? पाच-सहा दिवसांत ते उतरलं. वर एका वर्तमानपत्रानं लिहिलं की चित्रकाराला चालवायला येतं, पण पात्रं मध्येच कारण नसताना उभी राहतात, जणू पुढं काय करायचं ते विसरली आहेत. मालकानं रिळं गुंडाच्या हातात दिली आणि हात झटकले.

दिवाळीत गुंडा तळावर आला तो हे सगळं सांगायलाच. धुळाप्पानं ऐकून घेतलं आणि मग तोड सांगितली. "गड्ड्याला तुझ्या चुलत्याच्या तंबूत लाव. चाललं, तर तुझं तू आनि माझं मी. पडलं, तर रंगाचं डबं सीनंत सोडायचं आनि मेंढरांमागं यायचं. कबूल?"

"कबूल, आबा," गुंडा म्हणाला होता.

म्हणून आज मायाक्का सिद्धेश्वराच्या पायरीवर डोकं टेकवून नुसतीच उठली होती. काय मागावं हेच तिला कळेना. पोरगं घरी यावं हे तर ती रोज मागत होती. पण असं, मान खाली घालून यावं, हे तिच्या तोंडातून निघेना. देवाला इतक्या लांब येऊन काहीच न मागता परतणारी त्या दिवशी ती एकटीच असेल.

श्रीमंतची बायको केराबाई राहुटीतून धावत आली. "आक्का! या, या. भावजी, तुमी बी या की."

"मी हितंच बरा हाय," धुळाप्पा म्हणाला.

"असं कसं? हारलेल्या पोराला न्यायला आलाय न्हवं? मग त्याचं हारणं आत बसून बघा की. पुन्ना कुणी म्हनायला नको, बापानं न बघताच निकाल दिला."

धुळाप्पाला असं कोंडीत पकडणारं माणूस त्या घराण्यात केराबाईशिवाय दुसरं नव्हतं. तो घुश्श्यातच आत गेला, पार मागं कनातीला टेकून बसला आणि घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलं. त्याला आत गेलेला पाहून जत्रेत फिरणारी ओळखीची धनगर मंडळीही आत शिरली. धुळाप्पा जिथं, तिथं काहीतरी गाणं-बजावणं असणार, एवढीच त्यांची समजूत. त्यांच्या मंगळवेढ्याकडच्या साऱ्या माळावर त्याच्यासारखी ओवी म्हणणारा दुसरा नव्हता.

गुंडा मशीनपाशी उभा होता. आईला बघून तो हसला, पण त्याचा चेहरा तापातून उठलेल्या माणसासारखा झाला होता.

"जेवलास का?" मायाक्कानं विचारलं.

"आये, आता न्हाई गं उतरायचं."

श्रीमंत जवळ आला. त्यानं पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण नजर रिकाम्या जागेवर होती. "गुंडा, ह्यो एक खेळ तुझा. म्हंजी मी शबूद पाळला. पुढच्या खेळाला मारामारीचं चित्र लावतो. पोट हाय मला बी."

"तात्या, तुमीच म्हनला हुता, सगळी जत्राभर—"

"तवा म्या पुन्याचं ऐकलं न्हवतं."

केराबाईनं नवऱ्याकडं असं पाहिलं की तो पेटीवाल्या रावजीला काही सांगायचं निमित्त करून निघून गेला. हा तोच चुलता, ज्यानं पोराला पहिला कुंचला घेऊन दिला होता! मायाक्काच्या मनात आलं, बाप बरा, निदान तो पहिल्यापासून विरुद्ध होता.

कंदील विझले. बसलिंगप्पानं मशीन फिरवलं, आणि कनातीच्या अंधारात एक उजेडाचा झोत पडद्यावर जाऊन थडकला.

पहिल्यांदा नुसता माळ दिसला. मायाक्कानं तो ओळखला. कुठलाही माळ नव्हे, त्यांचाच, पावसानं दगा दिलेल्या वर्षीचा, दूरवर एकच बाभूळ आणि तिच्यावर वाकलेलं आभाळ. मग त्या माळावरून मेंढरं आली.

ती आली! मायाक्काचे हात आपोआप उठून गालांवर गेले. कागदावर काढलेली ती मेंढरं, तिच्या पोटच्या पोरानं काढलेली, एकमेकांना ढकलत, मान खाली घालून, पुढचीच्या शेपटीत नाक खुपसून चालली होती. धूळसुद्धा उडत होती. कळपाच्या मागं एक मेंढी लंगडत होती आणि तिच्या पोटाखाली एक काळं कोकरू धडपडत होतं. त्याचे पाय अजून त्याच्या ताब्यात आले नव्हते. ते पडलं, उठलं, पुन्हा पडलं. मायाक्का जागेवरून अर्धी उठली, कारण पडलेलं कोकरू दिसलं की ती आयुष्यभर उठतच आली होती.

शेजारी बसलेल्या साळ्याच्या बाईनं आपल्या पोराला हलवलं. "चूडू, चूडू!" ती तेलुगूत म्हणाली. बघ, बघ! मायाक्काला एरवी तेलुगूचा गंध नव्हता, पण तेवढं कळलं.

हे देवाचं काम आहे, मायाक्काला वाटलं. नसलेल्या जिवाला चालायला लावणं हे माणसाचं काम नाही. आणि हा तर तिचा गुंडा, ज्याला लहानपणी स्वतःच्या अंगरख्याची गाठ बांधता येत नव्हती.

पण मग कोकरू थांबलं.

कळप पुढं गेला, मेंढी वळली, आणि कोकरू माळाच्या मध्यावर नुसतं उभं राहिलं. रावजीची पेटी भरधाव चालली होती, तबलजी घोडा सोडल्यासारखा वाजवत होता, आणि पडद्यावर सगळं गप्प. थोड्या वेळानं कोकरू पुन्हा चाललं. पुन्हा थांबलं.

"मशीन बंद पडलं रं!" कुणीतरी ओरडलं.

"ए बसलिंगप्पा, तेल घाल की!"

"येनू माडली मी!" मी काय करू, असं बसलिंगप्पा कानडी-मराठीची खिचडी करत चिडला. "मशीन नीट हाय! चित्रच तसं हाय!"

हशा पिकला. दोघं-तिघं उठून बाहेर चालू लागले. गुंडा खांबाला धरून उभा होता. मायाक्काला त्याच्याकडं बघवेना आणि बघितल्यावाचून राहवेना. पुण्यात असंच झालं असणार, तिला कळलं. असंच, अनोळखी माणसांत, आणि तिथं तर आईसुद्धा नव्हती.

एवढ्यात मागं कनातीपाशी घोंगडं हललं.

"ती पेटी बंद करा," धुळाप्पा म्हणाला.

रावजीनं ऐकलं नाही. धुळाप्पा उभा राहिला. "आरं, बंद कर म्हनतो न्हवं! पोरगं ओवी म्हनतंय, आनि तू मधी काय कोंबडं आरवल्यागत लावलंस!"

पेटी थांबली. ओवी? कोण म्हणतंय? मुक्या चित्रात कसली ओवी? पण धुळाप्पाचा डावा हात कानावर गेला होता. पडद्यावर मेंढी पुन्हा वळली, आणि त्यानं आवाज सोडला.

"गेली गेली मेंढरं म्होरं, माळ पडला मागं गं,
काळ्या माझ्या कोकराला कुनी हाक मारावी गं—"

कोकरू चार पावलं चाललं आणि थांबलं. आणि ते थांबलं त्याच क्षणी मागच्या धनगरांनी, कुणी सांगायची वाट न बघता, शेवटची ओळ उचलली. धनगरी ओवीत असंच असतं. म्हणणारा एक ओळ सोडतो, मग तो दम घेतो आणि मागचे साथीदार तीच ओळ घोळवून परत देतात. ते देत असताना म्हणणारा उभा असतो. कथाही उभी असते.

साथीदारांची ओळ संपली, आणि कोकरू चाललं.

धुळाप्पानं दुसरी ओळ सोडली, कोकरू ओढ्यात उतरलं. थांबलं, साथ झाली. लांडग्याचे कान झुडपाआडून वर आले. थांबले, साथ झाली. एक ओळ चुकली नाही, एक पाऊल पुढंमागं झालं नाही. लहानपणी मेंढरांमागं बापाच्या पाठीला पाठ लावून झोपणाऱ्या पोरानं कोल्हापूरच्या खोलीत बसून चित्रं काढली, आणि कोकरानं किती चालायचं ते ठरवायला त्याच्यापाशी घड्याळ नव्हतं. मनातल्या मनात तो बापाची ओवी म्हणत होता. साथीदार म्हणतील तेवढी जागा त्यानं सोडली होती. आणि ही गोष्ट त्याला स्वतःलाच माहीत नव्हती. मायाक्कानं त्याच्याकडं पाहिलं, तेव्हा तो खांब सोडून खाली बसला होता आणि त्याचं तोंड उघडं होतं.

बाहेर गेलेले आत आले, आणि त्यांच्यामागून न बोलावलेलेही आले. पाळण्याची गर्दी फुटून इकडं वळली. श्रीमंत दाराशी पैसे घ्यायचं विसरून मान वर करून बघत राहिला, आणि श्रीमंत पैसे घ्यायचं विसरला हा त्या संध्याकाळचा आणखी एक चमत्कारच म्हणायचा.

मेंढीला ओढ्यात कोकरू सापडलं, तेव्हा मागून कुणीतरी "बिरुबाच्या नावानं चांगभलं!" असा पुकारा केला आणि कमरेच्या पिशवीतला भंडारा मूठभर पडद्यावर उधळला. मग काय विचारता! जो तो उठला. पिवळ्या धुरळ्यात पडदा दिसेना. धनगराचा हा स्वभावच आहे, जिथं देव दिसला तिथं हळद उधळायची. तो कापडावर दिसला की दगडात, याची चौकशी तो करत बसत नाही.

"आरं, माझा पडदा!" श्रीमंत ओरडला. पण पिवळ्या माळावर मेंढी आपलं काळं कोकरू चाटत होती, आणि ते बघून तोही पुढं बोलला नाही.

त्या दिवशी मारामारीचं चित्र लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जत्रा उठेपर्यंत त्या तंबूत 'काळं कोकरू'शिवाय दुसरं काही लागलं नाही. पडदा धुवायची केराबाईनं तयारी केली, तेव्हा लोकांनीच धुऊ दिला नाही. गिरणीतले कामगार पाळी सोडून येत. साळ्यांच्या बायका शेजारणींना घेऊन येत. कानडी, तेलुगू, दखनी बोलणाऱ्या त्या सगळ्या गर्दीला दुसऱ्या दिवसापासून साथीची ओळ पाठ झाली होती. कोकरू थांबलं की सगळा तंबू गायचा. आवाज सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत जायचा. मायाक्का प्रत्येक खेळाला बसली, आणि प्रत्येक वेळी कोकरू पडलं की अर्धी उठली.

शेवटच्या दिवशी सकाळी राहुटीत सगळे चहाला बसले असताना श्रीमंत हातात सोलापूरचं साप्ताहिक नाचवत आला. "वाच गुंडा, मोठ्यानं वाच! आपल्या तंबूवर लिहिलंय."

गुंडानं वाचायला घेतलं. पहिल्या ओळी वाचताना त्याचा आवाज चढला होता. यंदाच्या गड्ड्यावर न भूतो अशी गर्दी एका तंबूनं खेचली, असं लिहिलं होतं. मग आवाज खाली आला. 'चित्रे ओबडधोबड आहेत व स्वतंत्रपणे पाहता कंटाळवाणी होतील. परंतु एका वृद्ध मेंढपाळाच्या पहाडी आवाजाने त्यांना तारले आहे. आम्ही चित्र पाहावयास गेलो व ओवी ऐकून आलो.'

गुंडानं कागद नीट घडी करून खाली ठेवला.

श्रीमंतच्या ते लक्षातही आलं नाही. तो भावाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता. "दादा, आता बार्शी, मग माढा, मग थेट पंढरपूरच्या बाजूला. तू फकस्त हुबा ऱ्हा. आनि ऐक, रोज त्येच चित्र कशाला? तुजा आवाज हाय म्हनल्यावर कंचं बी चित्र चालंल की. मारामारीचं लावू, मधी तुजी ओवी!"

"व्हय, लई शानं तुमी," केराबाई म्हणाली. "आनि पोराचं काय?"

"पोराचं काय, ते बी ऱ्हाईल की पडदं रंगवायला."

गुंडा उठला. कोपऱ्यातले रंगाचे डबे त्यानं एकावर एक रचले. "तात्या, मी न्हाई ऱ्हात. आबा, चला. ठरल्यापरमानं येतो मी मेंढरांमागं."

"आरं, पन चित्र तर चाललं!" मायाक्का म्हणाली.

"आबा चाललं, आये. चित्र न्हाई. पुन्यात आबा न्हवतं, तर पडलं. हितं लिवलंय बी तसंच." तो हसायचा प्रयत्न करत होता. "खोटं कशाला बोलायचं? मी हारलो."

मायाक्काला त्या लिहिणाऱ्या माणसाचा असा राग आला की तो समोर असता तर तिनं त्याला कळपातल्या मारक्या एडक्यापुढं उभा केला असता. पण तिच्या रागाचा काय उपयोग! निकाल ज्यानं द्यायचा तो नवरा कपातला चहा बशीत ओतत होता. पोरगं हरल्याचं स्वतःच कबूल करतंय. धुळाप्पानं नुसतं 'बरं' म्हटलं असतं, तरी पैज त्याची होती. मेंढरांना मेंढका मिळत होता, घराला मुलगा मिळत होता. मायाक्कानं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

धुळाप्पानं बशी खाली ठेवली.

"ते लिवनारं आंधळं हाय," तो म्हणाला. "आनि तू बी."

"आबा—"

"गप. ही ओवी म्या माझ्या बापाकडनं घेतली. मिसरूड फुटलं न्हवतं तवापस्नं म्हनतोय. किती माळ पालथं घातलं, किती जत्रा केल्या. कोकरू कोकरू म्हनत गळा फाडला. पर गुंडा, ते कोकरू मला कदी दिसलं न्हवतं रं. निसतं नाव घ्यायचो." त्याचा आवाज आता तंबूतल्यासारखा राहिला नव्हता. "त्या दिवशी घोंगड्यातनं बघितलं, तर समोर हुबं. माझ्या तोंडाकडं बघत हुतं, पुढची वळ कवा म्हनतोय म्हून. मी त्येला तारलं म्हनतंय ते येडं! त्येनं मला हुबं केलं."

चुलीवर ठेवलेलं दूध उतू गेलं, तरी केराबाई उठली नाही.

"शिरमंता," धुळाप्पा भावाकडं वळला, "मारामारीच्या चित्रात मी गानार न्हाई. ह्या कोकरामागं गाईन. जितं ह्येचं कोकरू जाईल तितं मी. न्हाई पटत, तर ऱ्हायलं."

श्रीमंतनं घाईघाईनं मान हलवली. थोरल्या भावानं आपल्या तंबूत राहायचं कबूल केलं, एवढ्यावर तो कशालाही मान हलवायला तयार होता. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पैशासाठी नव्हते, हे मायाक्कानं त्याच्या बाजूनं कबूल केलं.

गुंडा बापाच्या पायाशी बसला. मग त्यानं विचारलं, "आबा, मंग मेंढरं?"

तेव्हा कुठं धुळाप्पाला बायकोची आठवण झाली. इतक्या वर्षांत ज्यानं तिला कधी काही विचारलं नव्हतं, तो तिच्याकडं बघून कानाची पाळी खाजवू लागला. "गडी हाय की जोतीराम. आनि... मायाक्का हाय."

"मला ईचारलं का?" मायाक्का म्हणाली.

"ईचारतोय की आता."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं. मग राहुटीच्या खांबाला टेकवलेली धुळाप्पाची मेंढक्याची काठी तिनं उचलली. ती तिच्या उंचीला जरा मोठीच होती.

दुपारी ती निघाली, तेव्हा गड्ड्यावरचे तंबू उतरत होते आणि श्रीमंतचं सामान बार्शीच्या गाडीवर चढत होतं. केराबाई वेशीपर्यंत आली. तिला वाटलं, आक्काच्या डोळ्यांना पाणी येईल.

"एकाला न्ह्यायला आले हुते गं," मायाक्का म्हणाली, "आनि दोगांना ठिवून चालले." तिला हसू फुटलं आणि ते आवरेना. "त्यांस्नी येळंवर जेवाय घाल. दोगं बी येकसारखंच हायत, गायला आनि चितारायला लागलं की भूक कळत न्हाई त्यांस्नी."

आणि मोठ्या काठीवर हात ठेवून ती एकटीच सीनेकडं चालू लागली.